दरपत्रकातल्या ओळी मोजू नका: संस्थेची उत्पादनं आणि सेवा कशा वाचायच्या

पहिल्या नोकरीत मला दोन पुरवठादारांची तुलना करून द्यायला सांगितलं होतं. एकाच्या दरपत्रकात तीनशे आयटम, दुसऱ्याच्या जेमतेम शंभर. मी बिनधास्त लिहून दिलं, पहिल्याकडे तिप्पट व्हरायटी. साहेबांनी कागद वाचला, परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तीनशे ओळी मोजल्यास. वस्तू किती आहेत?" बसून पाहिलं तर वस्तू पाचच निघाल्या. बाकी सगळे आकार आणि रंग.

खरेदी खात्यात, विक्रीत, बँकेच्या कर्ज विभागात किंवा व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या प्रत्येकावर कधी ना कधी हे काम येतं: ही संस्था काय काय देते आणि ती दुसरीपेक्षा वेगळी कशी, ते सांगा. खाली दिलेल्या पायऱ्या मी आजही त्याच क्रमाने वापरतो. एका संस्थेला साधारण अर्धा दिवस लागतो.

पायरी १: यादी मिळवा, आणि एकाच ठिकाणाहून घेऊ नका

वेबसाइटवरचा 'आमच्या सेवा' हा भाग शेवटी वाचा. तिथे एकच काम चार नावांनी लिहिलेलं असतं. त्याआधी तीन गोष्टी हाती घ्या. पहिली, दरपत्रक किंवा कॅटलॉग, कारण ज्याचा दर ठरलेला नाही ते बहुधा अजून विकलं जात नाही. दुसरी, संस्था बँक, विमा, रुग्णालय किंवा शिक्षण अशा क्षेत्रातली असेल तर तिला कशाकशाची परवानगी आहे त्याची नोंद. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालातली 'सेगमेंट' नावाची टीप.

नवखे लोक ही टीप ओलांडून पुढे जातात. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांपैकी आठव्या क्रमांकाचं मानक, आयएफआरएस ८, २००९पासून लागू आहे. त्याचा गाभा असा, की वरिष्ठ व्यवस्थापन निर्णय घेताना धंद्याचे जे भाग पाडून पाहतं, तेच भाग बाहेरच्यांना दाखवायचे. एखाद्या भागाची विक्री, नफा-तोटा किंवा मालमत्ता यांपैकी काहीही सगळ्या भागांच्या बेरजेच्या १० टक्के किंवा जास्त असेल, तर तो स्वतंत्र दाखवावा लागतो, आणि असे स्वतंत्र दाखवलेले भाग मिळून बाहेरच्या विक्रीचा किमान ७५ टक्के हिस्सा व्यापला गेला पाहिजे. जाहिरातीत वीस 'सोल्यूशन्स' मिरवणारी कंपनी या टिपेत दोनच भाग दाखवत असेल, तर संचालक मंडळाच्या डोक्यातही तिचे दोनच धंदे आहेत असं धरून चला.

पायरी २: रुंदी, लांबी आणि खोली वेगवेगळी मोजा

विपणनाच्या कुठल्याही वर्गात हे तीन शब्द पहिल्या महिन्यात येतात आणि परीक्षा झाली की विसरले जातात. रुंदी म्हणजे संस्था किती वेगवेगळ्या गटांत, म्हणजे प्रॉडक्ट लाइन्समध्ये, काम करते. लांबी म्हणजे सगळ्या गटांत मिळून किती वस्तू. खोली म्हणजे एकाच वस्तूचे किती प्रकार: आकार, रंग, क्षमता, पॅकिंग.

सायकली बनवणाऱ्या दोन काल्पनिक कंपन्या घेऊ. पहिलीचे गट तीन: सायकली, सुटे भाग आणि चालवताना घालायचे कपडे. म्हणून रुंदी ३. सायकलीची ४ मॉडेलं, सुटे भाग ६, कपड्यांचे २ प्रकार, म्हणजे लांबी १२. प्रत्येक मॉडेल ५ मापांत आणि ४ रंगांत मिळतं, म्हणजे एका मॉडेलची खोली २०. दरपत्रकात प्रत्येक प्रकाराला वेगळा कोड असतो: सायकलींचे ८० कोड, सुट्या भागांचे ६ आणि कपडे पाच-पाच मापांत म्हणून १०. एकूण ९६.

दुसरी फक्त सायकली करते. मॉडेलं ५, प्रत्येक ५ मापांत आणि १२ रंगांत. ५ गुणिले ५ गुणिले १२, झाले ३०० कोड. रुंदी मात्र १, लांबी ५.

गोदामवाल्याच्या दृष्टीने दुसरी कंपनी तिप्पट मोठी डोकेदुखी आहे, कारण त्याला प्रत्येक कोड, म्हणजे एसकेयू, वेगळा ठेवावा लागतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पहिलीकडे जास्त कामं होतात. 'रेंज मोठी कुणाची' हा प्रश्न कुणी विचारला की आधी उलट विचारा, 'कुणासाठी?'

गाड्यांच्या धंद्यातलं एक जुनं उदाहरण इथे नेमकं बसतं. फोर्डची मॉडेल टी १९०८पासून १९२७पर्यंत बनत होती आणि दीड कोटीहून अधिक विकली गेली. त्यातल्या १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळायची. (सुरुवातीच्या वर्षांत इतर रंग होते, हे बरेच जण विसरतात.) त्याच सुमारास जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी हे धोरण धरलं: शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत एक चढती शिडीच. दोघेही गाड्याच विकत होते, पण एकाने खोली शून्याजवळ आणून उत्पादन स्वस्त केलं, दुसऱ्याने लांबी वाढवून गिऱ्हाईक आपल्याच शिडीवर ठेवलं.

पायरी ३: वस्तूंना जोडणारा धागा शोधा

या पायरीला घाई करू नका. मोजणी कुणीही करेल, पण एका संस्थेत या सगळ्या गोष्टी एकत्र का नांदतात, हे सांगता आलं की तुम्हाला ती संस्था कळली.

यामाहाचं पाहा. सुरुवात १८८७ साली रीड ऑर्गनपासून झाली. आज त्या नावाखाली पियानोही आहेत आणि मोटरसायकलीही. वरवर पाहता हा निव्वळ गोंधळ वाटतो. पण वाद्यांमुळे लाकूडकामात हात बसला होता, त्यातून विमानांचे लाकडी पंखे आले, त्यासाठीची यंत्रं आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रिकामी पडलेली ही यंत्रसामग्री कामाला लावायची म्हणून मोटरसायकल. १९५५ साली तो धंदा वेगळी कंपनी म्हणून उभा राहिला. मोटरसायकलच्या टाकीवर आजही स्वरजुळणीचे तीन काटे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, एकमेकांत गुंफलेले दिसतात.

धागे साधारण चार जातींचे असतात. एक कौशल्याचा. होंडाची मोटरसायकल, मोटार, गवत कापायचं यंत्र आणि जनरेटर यांत इंजिन सामाईक आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९०च्या लेखात 'कोअर कॉम्पिटन्स', म्हणजे संस्थेचं गाभ्याचं कौशल्य, ही कल्पना मांडली, तेव्हा होंडाच्या इंजिनांचं उदाहरण दिलं होतं. फुजीफिल्म याच जातीतली. छायाचित्रणाच्या फिल्ममध्ये कोलॅजन असतं आणि रंग उडू नयेत म्हणून ऑक्सिडीकरण रोखण्याचं ज्ञान लागतं. फिल्मचा धंदा ओसरल्यावर कंपनीने २००७मध्ये त्याच ज्ञानावर त्वचेची प्रसाधनं आणली. तिची जुनी प्रतिस्पर्धी कोडॅक २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. दोघींच्या नशिबात एवढा फरक पडण्याची कारणं अर्थातच यापेक्षा जास्त आहेत, पण हा धागा त्यातला एक.

दुसरा धागा गिऱ्हाइकाचा: बँक खातं देते, मग त्याच माणसाला कर्ज, मग लॉकर. तिसरा विक्रीच्या वाटेचा. बिक या फ्रेंच कंपनीने १९५०मध्ये स्वस्त बॉलपेन काढलं, १९७३मध्ये लायटर, १९७५मध्ये एकदा वापरून टाकायचा रेझर. तिन्ही प्लास्टिकचे, स्वस्त, आणि गल्ल्याशेजारी टांगून सहज विकले जाणारे. धागा घट्ट होता. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने अत्तर आणलं, तेही लायटरसारख्या छोट्या बाटलीत आणि त्याच दुकानांतून. वाट तीच होती, पण अत्तर घेणाऱ्याला 'वापरा आणि फेका' हा भाव नको होता. अत्तर फार काळ टिकलं नाही.

चौथा धागा फक्त नावाचा. कंपनीचा शिक्का दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर मारलेला असतो. असा धागा दिसला की वहीत तसं स्पष्ट लिहा. तो कमकुवत असतोच असं नाही, मात्र तिथे संस्था वस्तू बनवत नसते, नाव भाड्याने देत असते, आणि तक्रार आली की जबाबदारी कुणाची हा प्रश्न उरतो.

काही वेळा धागा सापडतच नाही. तेव्हा ओढूनताणून जोडू नका. वेगवेगळ्या धंद्यांचा गट एका मालकीखाली असणं हाही एक प्रकार आहे, आणि तिथे जोडणारी गोष्ट भांडवल असते. हे गट तुटतातही: जनरल इलेक्ट्रिकने २०२१मध्ये विभाजन जाहीर केलं आणि २०२४च्या एप्रिलपर्यंत आरोग्य उपकरणं, ऊर्जा आणि विमानांची इंजिनं अशा तीन स्वतंत्र कंपन्या झाल्या.

पायरी ४: सेवा असेल तर मोजपट्टी बदला

वस्तूचा नवा प्रकार गोदामात पडून राहू शकतो. सेवेचा नवा प्रकार माणसाच्या वेळापत्रकात शिरतो. म्हणून सेवा देणाऱ्या संस्थेत 'किती सेवा' यापेक्षा 'एकाच माणसाला किती वेगळी कामं करावी लागतात' हे विचारा.

कॅनडातलं शोल्डाइस रुग्णालय १९४५पासून हर्नियाच्या शस्त्रक्रियेपुरतंच काम करतं. रुग्णही आधी पारखून घेतात. वजन जास्त असेल तर ते कमी करून या, असं सांगतात. तेच शल्यविशारद तीच शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं करतात, त्यामुळे हात बसतो आणि वेळापत्रक अंदाजाने बांधता येतं. शेजारच्या सर्वसाधारण रुग्णालयाला ही चैन नाही. तिथे रात्री दोन वाजता काय येईल याचा नेम नसतो, आणि ते आलं तर परत पाठवता येत नाही. या दोघांची तुलना 'सेवांची संख्या' या रकान्यात करणं म्हणजे अग्निशमन केंद्राला तुम्ही इतका वेळ रिकामे का बसता असं विचारण्यासारखं आहे.

वस्तू आणि सेवा एकत्र विकल्या जात असतील तर आणखी एक गोष्ट तपासा: गाठोडं बांधलेलं आहे की सुटं? आयबीएम संगणकाबरोबर सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि अभियंत्यांची मदत एकाच दरात द्यायची. १९६९च्या जूनमध्ये कंपनीने यांतल्या बऱ्याच गोष्टींचे दर वेगळे करायचं जाहीर केलं. देण्याच्या गोष्टी कालच्याच होत्या, यादी मात्र एकाएकी लांब झाली, आणि स्वतंत्र सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना बाजार खुला झाला. उलट दिशेचं उदाहरण विमानाच्या इंजिनांचं. ब्रिस्टल सिडली या कंपनीने १९६२मध्ये वायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासांवर आकारणी सुरू केली. देखभाल आणि सुटे भाग त्या तासाच्या दरातच. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसने घेतली आणि ती पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. इथे गिऱ्हाइकापुरती यादी एका ओळीची होते आणि संस्थेच्या आत काम वाढतं.

तेव्हा तुलना करताना दोन्ही बाजूंची गाठोडी आधी सोडा. एकाच्या दरात जोडणी, प्रशिक्षण, दोन वर्षांची दुरुस्ती धरलेली असते. दुसऱ्याने तीच चार ओळींत दाखवलेली असते.

पायरी ५: यादी अशीच का, याचं कारण शोधा

कारण नेहमी धोरणाचंच असतं असं नाही. कधी कायदाच रेघ मारून देतो. अमेरिकेत १९३३च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या संस्था वेगळ्या केल्या. १९९९मध्ये त्यातली मुख्य बंधनं उठली. त्या साठ-पासष्ट वर्षांत एखादी बँक रोखेविक्री का करत नाही, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधणं व्यर्थ होतं. सार्वजनिक संस्थांचं उलट असतं. टपालखात्याला दूरच्या पत्त्यावरही पत्र पोचवावंच लागतं. खासगी कुरिअर नफा न देणारा पत्ता यादीतून वगळू शकतो. अशा दोन संस्थांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर एकीत नाइलाज आणि दुसरीत निवड दिसते.

दुसरं कारण म्हणजे गुंतागुंतीचा खर्च. हा ताळेबंदात कुठेच एका ओळीत सापडत नाही, म्हणून नवख्यांना तो दिसत नाही. एकमेकांत बसणाऱ्या तुकड्यांची खेळणी करणाऱ्या लेगोचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २००३-०४च्या सुमारास कंपनी मोठ्या तोट्यात होती. दरम्यान तिने खेळण्यांपलीकडे उद्यानं, कपडे, संगणकीय खेळ असं बरंच काही अंगावर घेतलं होतं, आणि वेगवेगळ्या तुकड्यांची संख्या बारा हजारांपुढे गेली होती. प्रत्येक नव्या तुकड्याला नवा साचा लागतो, आणि साचा महाग असतो. २००४मध्ये प्रमुखपदी आलेल्या यॉर्गन व्हिग क्नुडस्टॉर्प यांच्या काळात तुकड्यांचे प्रकार निम्म्याच्या आसपास आणले गेले आणि २००५मध्ये उद्यानांची बहुतांश मालकी विकली. मुलांना यात काही कमी झाल्यासारखं वाटलं नसावं, कारण १९५८च्या रचनेतले तुकडे आजच्या तुकड्यांना बसतात. व्हरायटी जोडणीतून येते, साच्यांतून नाही.

साउथवेस्ट एअरलाइन्सचा ताफाही असाच: सुरुवातीपासून जवळजवळ फक्त बोइंग ७३७. वैमानिक, सुटे भाग, तंत्रज्ञ सगळे कुठल्याही विमानाला चालतात. कॉस्टको आपल्या गोदामवजा दुकानांत चार हजारांहून कमी प्रकारचा माल ठेवते. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तो आकडा याच्या कितीतरी पट असतो. कमी प्रकार ठेवले की प्रत्येकाची खरेदी मोठी होते, भाव पाडून मागता येतो.

ऑनलाइन विक्रीने मात्र हे गणित काही ठिकाणी उलटवलं. फळीची जागा फुकट झाली की वर्षाला दोन नग खपणारी वस्तूही यादीत राहू शकते. म्हणून दुकानवाली संस्था आणि पोर्टल यांची यादी लांबीवरून तोलू नका. पोर्टलवरचा बराच माल तिसऱ्याच विक्रेत्याचा असतो, हेही तपासा.

पायरी ६: पाच वर्षांपूर्वीची यादी शेजारी ठेवा

जुना वार्षिक अहवाल किंवा जुनं दरपत्रक मिळवा आणि तीन रंगांनी खुणा करा: काय आलं, काय गेलं, काय तसंच आहे. गेलेल्या गोष्टींकडे जास्त लक्ष द्या, कारण नवं काही आलं की बातमी होते, बंद झालेलं गुपचूप जातं.

अॅपलमध्ये स्टीव्ह जॉब्स १९९७मध्ये परतले तेव्हा संगणकांची इतकी मॉडेलं होती, की कुठलं कुणासाठी हे सांगणं अवघड होतं. त्यांनी चार घरांचा तक्ता मांडला: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. प्रत्येक घरात एक यंत्र, बाकीचं बंद. युनिलिव्हरने त्याच दशकाच्या शेवटी सुमारे १,६०० ब्रँड ४००वर आणायचं ठरवलं. प्रॉक्टर अँड गॅम्बल १८३७मध्ये साबण आणि मेणबत्त्यांवर सुरू झाली, भरपूर पसरली, आणि २०१४मध्ये तिने शंभरपर्यंत ब्रँड सोडून देण्याचं जाहीर केलं. काढलेल्या ब्रँडचा एकूण विक्रीत वाटा थोडाच होता.

वाढ झाली असेल तर ती कुठल्या दिशेची, हेही टिपा. त्यासाठी व्यवस्थापनतज्ज्ञ इगोर अँसॉफ यांनी १९५७मध्ये मांडलेली चौकट पुरते: जुनी वस्तू की नवी, जुना बाजार की नवा. दोन्ही एकदम नवं असेल तर समासात प्रश्नचिन्ह काढा. अॅमेझॉन १९९५मध्ये पुस्तकं विकत होती. पुढे इतर माल आला, तो जुन्याच गिऱ्हाइकाला नवी वस्तू. २००६मध्ये सर्व्हर आणि साठवण भाड्याने देणं सुरू झालं, ते दोन्ही बाजूंनी नवं. जमलं, पण न जमलेल्यांची यादी जास्त लांब आहे.

पायरी ७: एका पानावर मांडा

पान उभं दोन भागांत दुमडा. डावीकडे एक संस्था, उजवीकडे दुसरी. वरून खाली पाच ओळी: गट किती आणि कोणते, वस्तू किती, सर्वांत खोल वस्तू कुठली, धागा कोणता, पाच वर्षांत काय गेलं. आकडे देताना 'कोड' की 'वस्तू' ते प्रत्येक वेळी लिहा. साहेब विचारणारच.

सहावी ओळ रिकामी सोडा आणि वर लिहा, 'काय देत नाही'. ही ओळ कागदपत्रांतून भरत नाही. त्यासाठी फोन उचलावा लागतो, तोही विपणन प्रमुखाला नाही, काउंटरवर किंवा तक्रार खिडकीशी बसणाऱ्या माणसाला. विचारा, "लोक कायम मागतात, पण तुमच्याकडे नसतं, असं काय आहे?" बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. मग दुसरा प्रश्न: "आणि ते का ठेवत नाही?" इथे थांबून ऐका. "वरून परवानगी नाही", "एकदा ठेवलं होतं, पडून राहिलं", "ते आमचं कामच नाही" ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात कायदा किंवा मुख्यालय बोलतं, दुसऱ्यात अनुभव, तिसऱ्यात धोरण. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे त्या ओळीत उतरवा.